दुसरा चौकोन

मंगळवारी सकाळी बाबा म्हणाले, “अगं, माझ्याकडून काहीतरी भलतंच दाबलं गेलंय बघ. पुस्तक गेलं.” मी एक चप्पल पायात घालून दुसरी शोधत होते, आणि मला रोजचंच वाटलं. वाचायच्या त्या यंत्राला बाबा पाटी म्हणतात. दिसतं कमी म्हणून मी त्यातली अक्षरं इतकी मोठी करून ठेवली आहेत की ओळीत चारच शब्द मावतात, आणि तरी आठवड्यातून एकदा त्यांचं बोट कुठेतरी अडकतं, अक्षरं मुंगीएवढी होतात किंवा पान आडवं होतं. “आणा इकडे,” मी म्हटलं, जरा तोऱ्यातच, कारण उशीर होत होता आणि कुणाला उशीर होत असला की बाबांना हटकून पाटीचं आठवतं. यादीत सगळं जागच्या जागी होतं, फक्त वरून तिसऱ्या जागी एक करडा चौकोन, आणि त्याखाली लिहिलं होतं, ‘हे पुस्तक आता उपलब्ध नाही. आपली रक्कम परत केली आहे.’ ते वाक्य मी ओळखलं. ते माझंच होतं. तीन वर्षांपूर्वी एका बैठकीत मी ते लिहून दिलं होतं, शेवटी ‘क्षमस्व’ होतं, ते तेवढं त्यांनी काढलं होतं. मग मी करड्या चौकोनावरचं पुस्तकाचं नाव वाचलं आणि दुसरी चप्पल शोधायचं विसरून गेले.

“हे तुम्ही कधी घेतलंत?”

“झाले चार महिने.”

“मला बोलला नाहीत.”

“बोललो असतो तर तू वाचू दिलं असतंस?”

नसतंच दिलं. बाबा सांगत होते की शुक्रवारपासूनच ते गेलंय, पण त्यांना वाटलं आपलंच बोट चुकलं असेल, म्हणून चार दिवस ते गुपचूप खटपट करत होते. पाटी बंद केली, चालू केली, खिडकीत नेऊन ठेवली, एकदा तर उन्हात धरली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस चोरून पाटीला ऊन दाखवतोय आणि मी शेजारच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत गुणगुणतेय, असं ते घर मला तेव्हा बाहेरून दिसलं. “पुस्तकाचं जाऊ दे,” बाबा म्हणाले, “त्यात माझी टिपणं होती.” “किती?” “दोनशे सतरा.” मला वाटायचं ते पाटीवर पत्ते खेळतात. संध्याकाळी एका बोटानं टकटक चाललेली असायची, आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, “जिंकताय की हरताय?” ते म्हणायचे, “बघू.”

“बाबा, ते कंपनीनं काढलंय. तुम्ही काही दाबलेलं नाही.”

“कंपनीनं म्हणजे कुणी?”

“कंपनीनं म्हणजे...” मी खाली बघितलं, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. “मी.”

बाबांनी पाटी माझ्या हातातून काढून घेतली, हळूच, झोपलेल्या मुलाच्या हातातून खेळणं काढतात तशी. “तू?” ते म्हणाले. “अगं, मी त्याला उत्तर देत होतो.”

रस्त्यावर आले तेव्हा ऊन नुकतंच भिंतींवर चढत होतं आणि सगळं जरा लांब गेल्यासारखं झालं होतं. माणसं, दुकानांची अर्धी उघडलेली दारं, पाणी मारलेला फुटपाथ, सगळं काचेपलीकडचं. आमचंही दुकानच आहे, जगातलं सगळ्यात मोठं म्हणतात, आणि त्यात एकही पुस्तक नाही. अकरा वर्षं झाली, मी कामावर असताना पुस्तकाला हात लावलेला नाही. तिथे थंडगार हवा, पाय बुडेल असा गालिचा आणि पडद्यावर एकाखाली एक येणाऱ्या तक्रारी. ह्या पुस्तकानं आमच्या भावना दुखावल्या, ह्या पुस्तकात औषधांविषयी खोटं आहे, ह्या पुस्तकात माझ्या नवऱ्याचं नाव आहे. आम्ही पाच जण त्या वाचतो. पटली तर एक फॉर्म उघडतो, त्यात दोन चौकोन असतात. पहिला, विक्री बंद. दुसरा, विकलेल्या प्रती परत घ्या. नुसत्या पहिल्यावर खूण केली की फॉर्म अडून बसतो, विचारतो, दुसऱ्यावर का नाही, कारण लिहा, कमीत कमी दोनशे अक्षरं. दोन्हींवर खूण केली की अवाक्षर न काढता पुढे जातो. आता तुम्हीच सांगा, शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला माणूस काय करेल? आम्ही सगळेच दोन्हींवर करतो. नवीन आलेल्यांना पहिल्याच दिवशी तेवढं शिकवतो, पाण्याचं मशीन कुठे आहे आणि दोन्ही चौकोन. खूण केल्यावर एक आकडा दिसतो, किती ग्राहकांकडून परत घेतलं त्याचा. ह्या पुस्तकाच्या वेळी, गेल्या शुक्रवारी, तो त्रेसष्ट होता. कमीच, असं मनात आलं होतं मला.

त्रेसष्ट घरं. चालता चालता मला ती दिसायला लागली, एकेका दाराआड एकेक. कुणी अंथरुणात आडवा पडून वाचतोय, कुणी डबा खाताना, आणि भिंतीतून एक हात येतो, कोपरापर्यंत, बिनआवाजाचा, पुस्तक उचलतो आणि परत भिंतीत जातो. हाताच्या मनगटावर माझं घड्याळ. एका घरात तो हात माझ्याच स्वयंपाकघरावरून, माझ्याच पाठीमागून गेला, आणि मी भाजी ढवळत होते. मला त्या हाताचा राग येईना. तो कामाचा होता, नीट नखं कापलेला. बाबांच्या नखांत कायम रंग असायचा. रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते ते, डब्यांची मोजदाद करता करता बोटं बरबटायची, आणि संध्याकाळी ते दारात उभे राहून दोन्ही मुठी मागे लपवायचे, मी ओळखायचं, आज कुठला. निळा म्हटलं तर हिरवा निघायचा. टर्पेंटाइननं हात घासल्यावर मोरीत तो वास राहायचा, गोड आणि डोकं धरणारा, मला तो आवडायचा आणि आईला शिसारी यायची. मग आग लागली. नऊ माणसं गेली. मी अकरा वर्षांची होते. त्या दिवसानंतर बाबा कारखान्याबद्दल बोलले नाहीत ते आजतागायत. आई गेली तरी तिला पूर्ण ठाऊक नव्हतं असं मला वाटतं. घरात तो विषय निघाला की बाबा उठून पाण्याची टाकी भरली का बघायला जायचे, भरलेली असली तरी.

आणि हे पुस्तक त्या कारखान्याच्या मॅनेजरचं. एकतीस वर्षांनी म्हातारपणी त्याला कंठ फुटला. त्यानं लिहिलंय, कामगार प्यायलेले होते, पाळीवर झोपले होते, आग त्यांच्याच विडीनं लागली. मरून गेलेल्या माणसांना काय, काहीही म्हणा, ती थोडीच उलटून बोलणार आहेत? तक्रार आली ती मेलेल्यांतल्या एकाच्या बहिणीची. मी शेकडो तक्रारी वाचल्या आहेत, लोक फार ओरडतात. ही बाई ओरडली नव्हती. ‘माझा भाऊ दारूला शिवत नव्हता. त्याला पोटाचा त्रास होता. हे तुम्ही कुठेतरी लिहून ठेवाल का?’ एवढंच. तक्रारीसोबत तीन पानं होती, ती मी वाचली आणि माझ्या कानशिलांतून वाफ निघाली. खरं तर फाइल शेजारच्याकडे सरकवायला हवी होती. आपल्या घराशी संबंध असलेल्या फाइलला हात लावायचा नाही असा नियम आहे. पण म्हटलं, आलास का माझ्या तावडीत! पहिली खूण मी त्या बाईसाठी केली आणि दुसरी बाबांसाठी, अगदी चवीनं. मनात म्हटलं, असलं काही लिहिलं गेलंय हे बाबांच्या कानावरसुद्धा जाता कामा नये. ते माझ्यापासून लपवून वाचत होते आणि मी त्यांच्यापासून लपवून काढत होते. एका घरात राहून!

जागेवर बसले आणि आधी ते बघितलं ज्याची मला भीती होती. परत घेतलेल्या प्रतींवरची टिपणं सात दिवस ठेवतात, मग पुसतात. म्हणजे शुक्रवार संध्याकाळ. बाबांचा नंबर टाकल्यावर टिपणांची यादी आली. यादीत पूर्ण मजकूर दिसत नाही, पहिले तीन-चार शब्द आणि मग टिंबं. ‘खोटं. त्या दिवशी पाळी...’ ‘खोटं. तो दारूला कधी...’ ‘अर्धं खरं. पंखा बंद...’ ‘अहो साहेब, जरा लाज...’ मला हसू आलं आणि डोळे भरले, दोन्ही एकदमच. खोटं, खोटं, खोटं, पानापानावर, एका बोटानं. आणि मग अठ्ठ्याऐंशीव्या पानावर, ‘हे खरं आहे. दार...’ आणि टिंबं. मी त्या ओळीवर बराच वेळ बाण नेऊन ठेवला होता. एकदा दाबलं की उघडणार. शेजारचा पेरू खात होता, त्याच्या चावण्याचा आवाज येत होता, आणि मला वाटत होतं की हा आवाज थांबला की मी दाबेन. थांबला, आणि मी दाबलं नाही. बापाचं कपाट उघडं दिसलं म्हणून त्यात हात घालायचा नसतो, एवढं तरी आईनं शिकवलं होतं. शिवाय, खरं सांगते, मला भीती वाटली.

मॅडमकडे गेले. आमच्या मॅडम वाईट नाहीत, फक्त त्यांना शांतता आवडते. मी म्हटलं, “त्या कारखान्याच्या पुस्तकाची दुसरी खूण काढायचीय. विक्री बंदच राहू दे, पण विकलेल्या प्रती परत द्यायच्या.” त्या म्हणाल्या, “त्या बाजूला नऊ घरं आहेत. त्यांना काय सांगू? तुमच्या माणसांना दारुडे म्हणणारं पुस्तक आम्ही पुन्हा वाटलं?” मी म्हटलं, “वाटत नाही आहोत. नवीन कुणाला देऊ नका, माझं काही म्हणणं नाही. पण ज्यांनी विकत घेतलं त्यांचं ते आहे. त्यातला एक जण आज तक्रारीत काय लिहितोय बघा, ‘मी घरात नसताना दुकानदार येऊन विकलेली वस्तू उचलून नेतो, ह्याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे.’” मॅडम हसल्या. “विकत घेतात ती वाचायची परवानगी. पुस्तक नाही. अटींमध्ये स्वच्छ लिहिलंय, आणि त्यांनी मान्य केलंय.”

“बाबांना ती अक्षरं दिसत नाहीत, मॅडम. मलाही नाही दिसत.”

“कुणाचे बाबा?”

झालं. बोलून बसले होते. मॅडमनी उठून दार लावलं आणि मी सगळं सांगितलं, कारखाना, पाटी, दोनशे सतरा. त्या परत खुर्चीत येऊन बसल्या. मग अगदी मायेनं म्हणाल्या, “हे बघ, तुला टिपणं दिसतात ना? दुपारी बसून नक्कल करून घे. मी काही पाहिलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ते सगळं फॉर्ममध्ये लिहायला गेलीस तर फाइल तू का घेतलीस इथपासून चौकशी लागेल.” त्यांचं बरोबर होतं. दुपारच्या सुट्टीत झालं असतं काम, बाकीचे बासष्ट गेले उडत. त्यांच्यात कोण होतं मला माहीत नव्हतं. कदाचित कुणी नुसतंच चाळायला घेतलं असेल, कदाचित कुणाचा बाप त्या नवांत असेल आणि तोही एका बोटानं ‘खोटं’ लिहीत असेल. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि फाशी देणारी बाई आता आपल्या घरच्या संन्याशाला मागच्या बाजूनं सोडवून नेणार होती. “विचार करून सांगते,” मी म्हटलं, कारण मी काही शूरवीर नाही.

संध्याकाळी घरी जाताना एक वही घेतली, जाड रेघांची, आणि काळं जाड पेन. “बाबा, पुन्हा लिहा ह्यात. तुम्हाला आठवत असेलच की.” त्यांनी वही घेतली. बुधवारी मी कामावरून आले तर ते खिडकीशी तसेच बसले होते, वही मांडीवर, पेनाचं टोपण काढलेलं. पानावर पाच ओळी होत्या आणि त्या पाचही खोडलेल्या. “जमत नाही?” “लिहिता येतं गं,” बाबा म्हणाले. “पण कोऱ्या कागदावर मी लगेच चांगला माणूस होतो. तिथे त्याचं वाक्य वर असायचं. तो खोटं बोलला की मला चीड यायची, आणि चिडीत माणूस खरं बोलून जातो. आता चिडू कुणावर? वहीवर?” मी त्यांच्या शेजारी बसले. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीत एकेक दिवा लागत होता आणि आम्ही दोघं ते मोजल्यासारखे बघत होतो. मला त्यांना विचारायचं होतं, अठ्ठ्याऐंशीव्या पानावर काय आहे. त्याऐवजी मी विचारलं, “पाण्याची टाकी भरली का?” आणि माझाच मला राग आला. बाबा म्हणाले, “सकाळीच भरली.”

गुरुवारी सकाळी फॉर्म उघडला. दुसऱ्या चौकोनातली खूण काढली. फॉर्म अडून बसला, कारण लिहा. अकरा वर्षांत मी ती रिकामी चौकट पहिल्यांदाच भरत होते, खाली अक्षरं मोजणारा आकडा होता, शून्यावर. लिहिलं, ‘शुक्रवारी मी दुसऱ्या चौकोनावर विचार न करता खूण केली. हे पुस्तक माझे वडील ज्या कारखान्यात होते त्याबद्दल आहे. ही फाइल मी घ्यायला नको होती. पुस्तक पुढे विकू नये असं मला अजूनही वाटतं. पण ज्यांनी ते विकत घेतलं त्यांचं ते आहे, आणि त्यांनी त्यात जे लिहिलं ते तर आपलं कधीच नव्हतं.’ आकडा दोनशेच्या बराच पुढे गेला होता. मॅडम वाचून म्हणाल्या, “हात दाखवून अवलक्षण,” आणि तोंड वाकडं करून सही केली. पण केली. सोमवारपासून मला बुटांच्या परतीच्या विभागात पाठवलंय, माप न बसलेले बूट. चौकशीचं पत्र येईल तेव्हा येईल. त्या बहिणीला मात्र मलाच कळवायचं आहे की पुस्तक त्रेसष्ट घरांत परत गेलं, आणि तिला काय लिहू ते मला सुचलेलं नाही. तीन वेळा सुरुवात केली. ‘क्षमस्व’च्या पुढे जात नाही.

घरी आले तेव्हा बाबांनी स्वतःच दार उघडलं, मी घंटा वाजवायच्या आधी. “आलं,” ते म्हणाले. लहान मुलासारखा चेहरा झाला होता, आणि मग एकदम म्हाताऱ्यासारखा. खोलीत संध्याकाळचं पिवळट ऊन जमिनीवर पसरलं होतं, मी त्यातून चालत जाऊन त्यांच्या खुर्चीपाशी बसले, खालीच, गुडघे पोटाशी घेऊन. चपलाही काढल्या नव्हत्या.

“वाचलंस?” बाबांनी विचारलं.

“नाही. पण यादी दिसते आम्हाला. पहिले शब्द.”

“मग अठ्ठ्याऐंशीवं पान दिसलं असेल.”

“दिसलं.”

त्यांनी पाटी माझ्या हातात दिली. “वाच. मोठ्यानं. माझं मला वाचायला आता नको वाटतं.” पान आधीच उघडलेलं होतं. वर मॅनेजरचं वाक्य होतं, ‘मागील दार स्टोअरमधील माणसाने लावून घेतले होते,’ त्या भल्यामोठ्या अक्षरांत तोडून तोडून दोन ओळींवर पसरलेलं, आणि खाली बाबांचं. मी वाचायला लागले, आणि माझा आवाज मला कुणा दुसरीचाच वाटत होता, शाळेत धडा वाचणाऱ्या मुलीचा. “हे खरं आहे. दार मी लावलं. तिनाला पाच कमी असताना. डबे चोरीला जातात म्हणून रोज दुपारी लावायचं, हा ह्याचाच हुकूम, कागदावर नाही, तोंडी. मी दोनदा म्हटलं, साहेब, आत माणसं असतात. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. नोकरी जाईल असं वाटलं. किल्ली माझ्या खिशात होती. आग लागली तेव्हा मी पुढच्या फाटकाशी गाडीची पावती लिहीत होतो. धूर दिसला तसा धावलो.”

टिपण तिथेच संपलं होतं. मी बोटानं पान खाली सरकवून बघितलं, अजून काही असेल म्हणून. नव्हतं. बाबांचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता, माझ्या डोक्याच्या अगदी जवळ, आणि मला वर बघायचं नव्हतं.

“मग दार उघडलं कुणी?” मी विचारलं.

“कुणीच नाही,” बाबा म्हणाले. “पुढचं टिपण वाच.”